सुरगाठ

सुलतादीला मी आधी फक्त पोचवायचो.
हाकिमपाड्यातून क्लबच्या फाटकापर्यंत, टोटोत,
खुर्ची मागे दोरीने आवळून.
जायचे तीस, यायचे तीस.
मधले दोन तास बाहेर बिड्या ओढत
आतलं ऐकत राहायचो. टक्, टक्, टक्,
मग बराच वेळ काही नाही,
मग चेंडू वेचणाऱ्या पोराची पावलं.

एक दिवस तिची मावशी आली नाही.
"निरापद, गाठ मारता येते ना?"
म्हटलं, जन्मभर पोती बांधलीत.
"मी पोतं नाही," म्हणाली,
आणि हात पुढे केला.

बोटं मिटत नाहीत तिची.
पंधराव्या वर्षी धूपगुडीला मामाच्या सुपारीवर चढली
आणि मानेवर उतरली.
हे ती असंच सांगते,
जणू बसमधून एक थांबा आधी उतरली.

मूठ तळव्यावर धरायची,
वरून क्रेपची पट्टी. अंगठ्याखालून, मनगटावरून,
पुन्हा अंगठ्याखालून.
सैल राहिली तर रॅकेट फिरते,
घट्ट झाली तर हात निळा पडतो,
आणि करंगळीकडचं तिला कळत नाही,
ते कळायचं मला.
पहिल्या दिवशी मी मारली निरगाठ.
खेळ संपल्यावर कात्री लागली.
"सुरगाठ शीक. पट्टी तीनशेची आहे."

लोक म्हणतात, काय करणार, हात बांधलेले आहेत.
तिचा बांधला की मगच सुरू व्हायचा.
डावा हात खुर्चीच्या चाकाला, तोल धरून,
उजवा टेबलावर असा फिरायचा
की मी बिडी विसरायचो.

खुर्चीवाल्यांचा एक नियम आहे.
सर्व्हिस टेबलाच्या बाजूने निसटली
तर गुण नाही, पुन्हा टाका.
पोचणार नाही ते समोरच्यावर टाकायचं नाही.
हा नियम हिलकार्ट रोडवर लावायला हवा.

भुवनेश्वरला एका डॉक्टरने
तिच्या पोटावर बोट दाबत दाबत विचारलं,
इथे कळतं? इथे? आणि इथे?
मग कागदावर वर्ग लिहिला: दोन.
परतीच्या गाडीत ती खिडकीशी हसत होती.
"एकोणतीस वय, आणि मी दुसरीत."

मग कैरो.
माझ्या पासपोर्टात धंदा लिहिला होता, वाहनचालक.
विमान उठलं तशी म्हणाली,
"बघ, एकदा तरी मी तुला पोचवतेय."

तिथे उपांत्य फेरीत एक कोरियन बाई,
पन्नाशीची, तिच्याही हाताला पट्टी,
बांधायला तिची लेक.
आम्ही दोघं, मी आणि ती लेक,
एकमेकांच्या गाठी बघत होतो.

पाचवा गेम. नऊ-नऊ.
लांबलेली रॅली, सुलतादी पुढे झुकली,
आणि पट्टीचं टोक हवेत दिसलं मला,
चेंडू दिसायच्या आधी.
रॅकेट फिरली. चेंडू जाळीत.
पंचांनी वेळ दिला. मी पुन्हा बांधली.
माझीच बोटं मिटत नव्हती तेव्हा.
अकरा-नऊ.

ती काही बोलली नाही.
हॉटेलात नाही, विमानतळावर नाही,
बागडोग्र्याला उतरून टोटोत बसली तरी नाही.
फुलबाडीच्या वळणावर मीच म्हणालो,
दीदी, गाठ माझी होती.
"चेंडू माझा होता," ती म्हणाली,
"आणि समोर बघून चालव."

त्यानंतर दोनदा देशात पहिली आली,
एकदा बँकॉकहून कांस्य आणलं,
वीज कार्यालयात टेबल मिळालं,
त्याची उंची खुर्चीला जमेना म्हणून
सुताराकडे मीच हेलपाटे घातले.

आता दर सामन्याआधी
ती बांधलेला हात तोंडाशी नेते, क्षणभर डोळे मिटते.
पेपरात फोटो आला होता मोठा,
खाली लिहिलं होतं, रॅकेटचं चुंबन घेताना.
क्लबच्या भिंतीवर तो चौकटीत लावलाय,
नवी पोरं तसंच करायला बघतात.

मी कुणाला सांगत नाही.
पट्टीचं टोक दातात धरून
ती माझी गाठ ओढून बघते.